मोठ्या फर्निचर डिझाइन कंपनीतली नोकरी : खान्देशातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारमधून पुणे, मुंबई, नाशिक किंवा सुरतेकडे फर्निचरच्या कामाला निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कंपनीच्या जाहिरातीत जे लिहिलेलं नसतं, त्यावर इथे जास्त भर दिला आहे.

मोठ्या कंपनीत ‘डिझायनर’ म्हणून घेतात म्हणजे नेमकं कोणतं काम देतात?

रुजू होण्याआधी हे विचारून घ्याच. एकाच पदनामाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं काम प्रॉडक्ट डिझायनरचं. खुर्ची, पलंग, टेबल यांचे नवे नमुने तो तयार करतो. या जागा सगळ्यात कमी असतात. एक खुर्ची स्केचपासून दुकानापर्यंत पोचायला कित्येक महिने लागतात : आधी पुठ्ठ्याचं किंवा स्वस्त प्लायचं मॉडेल, मग खरा नमुना, मग चाचणी, सुट्या भागांची यादी, थोड्या नगांची पहिली खेप आणि त्यानंतर विक्री. ऑफिसच्या खुर्चीच्या बैठकीवर यंत्रानं एक लाख वेळा वजन आपटून पाहण्याची चाचणी असते. पाय आणि बैठक यांचा जोड तिथे उलला, तर चित्र कितीही देखणं असलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दुसरं काम शोरूम डिझायनरचं. गिऱ्हाइकाशी बोलायचं, त्याच्या घराचा नकाशा घ्यायचा, किचन किंवा वॉर्डरोबचं थ्रीडी चित्र दाखवायचं, कोटेशन द्यायचं. याला महिन्याचं विक्रीचं टार्गेट असतं. पगाराचा काही भाग त्याच्यावर ठरतो.

तिसरं काम टेक्निकल किंवा प्रॉडक्शन डिझायनरचं. शोरूममधून आलेलं चित्र कारखान्याला कळेल अशा भाषेत मांडायचं : कोणत्या मापाची किती फळी, कुठे भोक, कुठे खाच, कुठल्या कडेला पट्टी. खान्देशातून आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून गेलेल्यांसाठी कंपनीत शिरायचा हा सर्वांत भक्कम दरवाजा आहे, असं आमचं ठाम मत आहे. इथे दोन वर्षं काढलेला माणूस पुढे शोरूममध्ये गेला काय किंवा प्रॉडक्ट डिझाइनला गेला काय, त्याचं चित्र कारखान्यातून परत येत नाही.

एका किचनचं काम कंपनीत कसं पुढे सरकतं?

गिऱ्हाइकानं आगाऊ रक्कम भरली की साइटचं पक्कं माप घेतात. त्यावरून अंतिम ड्रॉइंग होतं, त्यावर गिऱ्हाइकाची सही होते आणि ऑर्डर ‘फ्रीझ’ होते. यानंतर रंग बदलायचा म्हटलं तरी पैसे आणि दिवस दोन्ही वाढतात. पुढे टेक्निकल विभाग कटलिस्ट, म्हणजे कापायच्या फळ्यांची मापांसकट यादी, काढतो, नियोजन विभाग तारीख लावतो, खरेदी विभाग बिजागऱ्या, चॅनल (ड्रॉवर सरकवायच्या पट्ट्या) आणि लॅमिनेट हाताशी आहे ना ते बघतो. मग कारखान्यात कटिंग, कडेला पट्टी, भोकं, तपासणी, पॅकिंग. ट्रक साइटवर पोचतो, बसवणारी टीम जोडते, राहिलेल्या बारीकसारीक कामांची यादी होते. ती संपली की किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती.

काम अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. साइटचं माप चुकतं, नाहीतर फ्रीझ झाल्यावर तोंडी बदल होतात. “साहेब, तेवढा एक कप्पा वाढवून द्या,” असं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, डिझायनर हो म्हणतो आणि कटलिस्ट जुनीच राहते. बदल लहान असो वा मोठा, ड्रॉइंगवर नवा रिव्हिजन नंबर टाकायचा, जुनी प्रत रद्द करायची आणि मगच पुढे पाठवायची.

कटलिस्ट म्हणजे काय? एखादं उदाहरण द्याल का?

किचनचा एक खालचा डबा घेऊ : रुंदी ६००, उंची ७२०, खोली ५६० मिमी, बोर्ड १८ मिमीचा.

दोन उभ्या बाजू ७२० × ५६०. तळ दोन्ही बाजूंच्या मध्ये बसतो, म्हणून ६०० मधून १८ दोनदा वजा करायचे : ५६४ × ५६०. वरच्या दोन पट्ट्या ५६४ × १००. आतली फळी सहज निघावी-बसावी म्हणून रुंदीला २ मिमी कमी आणि समोरून थोडी मागे : ५६२ × ५३०. पाठ ६ मिमीची असेल आणि ८ मिमी खोल खाचेत सरकवायची असेल, तर तिची रुंदी ५६४ + १६ − २ = ५७८.

आता दोन दारं, म्हणजे शटर. प्रत्येकाच्या वाट्याला ३०० मिमी येतात, त्यातून ३ मिमी फट सोडली की २९७. उंची ७१६. हे झालं तयार माप. पण चारही कडांना २ मिमीची पीव्हीसी पट्टी लागणार आहे, म्हणजे बोर्ड कापायचा २९३ × ७१२. नवखा माणूस इथेच घसरतो. त्यानं २९७ नेच बोर्ड कापून घेतला तर पट्टी लागल्यावर दार ३०१ होतं. दोन दारं मिळून ६०२, आणि डबा ६०० चा. दारं एकमेकांवर घासतात आणि बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवले तरी हा आजार जात नाही.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच एजबँडिंग, म्हणजे कडेला पट्टी लावायच्या, मशीनमध्ये पट्टी चिकटवण्याआधी कड साफ करणारे कटर असतात, त्याला प्री-मिलिंग म्हणतात. ते दर कडेला १ मिमी खात असतील तर कटिंगचं माप २९३ × ७१२ नको, २९५ × ७१४ हवं. म्हणून पहिल्याच आठवड्यात मशीनवरच्या माणसाला जाऊन विचारा : “दादा, प्री-मिलिंग किती लावलंय?” हा आकडा ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो.

ड्रॉवरचं गणितही असंच. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला दर बाजूला १२.७ मिमी, म्हणजे अर्धा इंच जागा लागते. आतली रुंदी ५६४ असेल तर ड्रॉवरची बाहेरून रुंदी ५३८. ती ५४० झाली तर ड्रॉवर ओढताना जड जातो. ५३५ झाली तर चॅनलवर ताण येतो आणि त्याच्या आतल्या बेअरिंगच्या गोळ्या सुटतात.

घरी सुतारकी आहे. त्याचा उपयोग होतो का?

खूप होतो, एका अटीवर. डोक्यातला इंच-सुताचा हिशोब मिलिमीटरमध्ये आणावा लागतो. एका इंचात ८ सूत, म्हणजे एक सूत ३ मिमीपेक्षा किंचित जास्त. मिस्त्रीच्या हाताखाली ‘एक सूत इकडेतिकडे’ चालून जातं, कारण तो जागेवर रंधा मारून बसवून घेतो. कंपनीत फळी कारखान्यातूनच पट्टी आणि भोकं होऊन येते. साइटवर रंधा चालवायला काही उरलेलंच नसतं. त्या एका सुतात दाराची अख्खी फट मावते.

पण लाकूड ओळखणं, रेषा कुठून कुठे जातात ते बघणं, गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावल्याशिवाय हात न चालवणं, ओझं कुठे येणार याचा अंदाज, हे कॉलेजात दोन वर्षांत येत नाही. वडील किंवा काका पाट, चौरंग, देव्हारे, बैलगाडीची चाकं करत असतील तर त्यांच्यासोबत एक उन्हाळा उभे राहा. मुलाखतीत ते लगेच दिसून येतं.

शिक्षण कोणतं लागतं?

कारखाना आणि बसवणीच्या कामाला आयटीआयचा सुतारकाम ट्रेड. टेक्निकल ड्रॉइंगला आयटीआय ड्राफ्ट्समन किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. शोरूमला इंटिरियर डिझाइनचा डिप्लोमा किंवा पदवी. प्रॉडक्ट डिझाइनला बहुधा डिझाइनची पदवी मागतात. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासून सुरू आहे, तिथे फर्निचर आणि इंटिरियर डिझाइन हा विषयच शिकवतात. प्रवेश परीक्षा स्पर्धेची आहे, पण नुसतं चित्र छान येणं तिथे पुरत नाही. निरीक्षण तपासतात.

शिकाऊ उमेदवार म्हणून जात असाल तर १९६१ च्या अॅप्रेंटिसशिप कायद्याखाली नोंदणी आणि विद्यावेतन मिळायला हवं. नुसतं ‘ट्रेनिंग’ म्हणून फुकट राबवत असतील तर तो शिकाऊ करार नव्हे.

सॉफ्टवेअर कोणतं शिकावं?

आधी हातानं, १:१० च्या प्रमाणात, एक कपाट समोरून, वरून आणि छेदातून काढायला शिका. मग ऑटोकॅड टूडी, मग स्केचअप. त्याच्या जोडीला एक्सेल, कारण कटलिस्टची वजाबाकी सूत्रात बसवता आली की निम्म्या चुका टळतात. कंपनीचं स्वतःचं मोठं सॉफ्टवेअर तिथे गेल्यावर शिकवतात. त्यासाठी आधी क्लासला पैसे भरू नका. चकचकीत रेंडर, म्हणजे फोटोसारखी दिसणारी थ्रीडी चित्रं, करायला महिनोन्‌महिने घालवणारे खूप भेटतात. त्यांना विचारावं, या दाराला बिजागऱ्या किती? साधारण ९०० मिमी उंचीपर्यंत २, १६०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४, त्यावर ५. दार रुंद किंवा जड असेल तर एक जास्त.

मुलाखतीत काय विचारतात? पोर्टफोलिओत काय ठेवावं?

आठ-दहा पानं पुरतात. त्यात एक तरी काम असं ठेवा ज्याचं चित्र, मापं, कटलिस्ट आणि तयार वस्तूचा फोटो एकत्र आहे. घरातली जुनी लाकडी पेटी किंवा झोपाळा स्वतः मोजून काढलेला असेल, तर तो इंटरनेटवरून उचललेल्या बैठकीच्या खोलीपेक्षा जास्त बोलतो.

मुलाखतीत एखादं ड्रॉइंग देऊन चूक शोधायला सांगतात, किंवा १० × १० फुटांच्या खोलीत दोन भावंडांच्या अभ्यासाची सोय कागदावर मांडायला सांगतात. साहित्याचे प्रश्न हमखास येतात. ८ × ४ फुटांचा बोर्ड म्हणजे २४४० × १२२० मिमी, ३२ चौरस फूट. साध्या आणि उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायसाठी भारतीय मानक ३०३, मरीन प्लायसाठी ७१०. बिजागरीच्या वाटीचं भोक ३५ मिमी. फळ्यांसाठी उभ्या ओळीत भोकं ३२ मिमी अंतरावर, ५ मिमी व्यासाची, समोरच्या कडेपासून ३७ मिमी आत. हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

साइटचं माप घेताना काय चुकतं?

जवळजवळ प्रत्येक गोष्ट चुकू शकते, म्हणून इथे जरा सविस्तर.

भिंतीपासून भिंतीपर्यंतची रुंदी एकदाच मोजू नका. जमिनीपासून १०० मिमीवर, कमरेच्या उंचीवर आणि दाराच्या वरच्या चौकटीच्या उंचीवर, अशी तीनदा मोजा. सर्वांत लहान आकडा धरा. मग कोपरा तपासा. कोपऱ्यातून एका भिंतीवर ६०० मिमीवर खूण करा, दुसरीवर ८०० वर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर १००० आलं तर कोपरा गुण्यात आहे. १०१० आलं तर तो साधारण १.२ अंशानं उघडा आहे. हे ऐकायला काहीच वाटत नाही, पण २४०० मिमी लांबीच्या ओट्याच्या टोकाला तीच फट ५० मिमीची होते. आपल्याकडे हे जास्त बघावं लागतं. तापीच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाया उथळ असेल तर भिंती तिच्याबरोबर हलतात.

लेझर लेव्हल नसेल तर पाण्याची नळी चालते, पण जमिनीचा उतार मोजल्याशिवाय परत यायचं नाही. डब्यांच्या पायांना वर-खाली करायची सोय असते, तरी फार मोठा फरक त्यात मावत नाही.

प्लास्टर आणि टाइल व्हायच्या आधी घेतलेलं माप पक्कं धरू नका. एका बाजूला प्लास्टर, मसाला आणि टाइल मिळून २० ते २५ मिमी सहज जातात, दोन्ही बाजूंना ४० ते ५०. डबे आले आणि जागेत शिरलेच नाहीत, याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. भिंतीलगत ३० ते ५० मिमीची फिलर (उरलेली फट झाकणारी) पट्टी धरून ठेवली तर थोडीफार चूक पोटात घालता येते.

शेवटी नळ, गॅसची पाइप, वीजबोर्ड, खिडकीचा कट्टा, छतातली तुळई या सगळ्यांची मापं एकाच कोपऱ्यापासून घ्या आणि फोटोत टेप दिसेल असा फोटो काढा. जुन्या वाड्यात किंवा धाब्याच्या घरात मातीची भिंत असेल तर ते मोठ्या अक्षरात लिहा. तिथे वरचे डबे नुसत्या प्लगवर टांगायचे नाहीत, जमिनीवर उभी राहणारी चौकट लागते.

खान्देशातल्या घरांचं काम वेगळं असतं का?

शहरातल्या डिझायनरला न सुचणाऱ्या काही गोष्टी तुम्हाला आधीच माहीत असतात. त्या तिथे बोलून दाखवा.

उन्हाळ्यात घराघरांत कूलर चालतो. त्याची ओलसर हवा तासन्‌तास वॉर्डरोबच्या पायथ्यावर येत राहते. पार्टिकल बोर्डाची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाची) तळची कड उघडी असेल, तिथे पट्टी लावलेली नसेल, तर एका मोसमात ती फुगते. तळाच्या न दिसणाऱ्या कडेलाही पट्टी लावायची आणि वॉर्डरोब पायांवर उचलायचा, हा खर्च कोटेशनमध्ये पहिल्यापासून धरा. सागाचं भरीव लाकूड ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं आणि आषाढ-श्रावणात फुगतं, तेही रुंदीच्या बाजूनं. दाराच्या चौकटीत बसवलेली सागाची फळी चारही बाजूंनी चिकटवून टाकली तर ती तडकते. खाचेत मोकळी ठेवावी लागते.

धान्य वर्षाचं भरलं जातं. गव्हाच्या, डाळीच्या कोठ्या, बिबडे-कुरडया-पापडांचे डबे. लांब फळी किती वाकेल ते नुसत्या वजनावर ठरत नाही. एकूण वजन तेच ठेवून फळीची लांबी दुप्पट केली तर वाक आठपट होतो. म्हणून कोठीघरातली १८ मिमीची फळी ९०० मिमी लांब ठेवू नका. मध्ये उभी फळी देऊन ४५० चे दोन खण करा.

आणि खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणाचे मांडे ज्या गॅसवर होतात, तिथे बर्नरच्या अगदी बाजूला उंच कपाट लावलं तर त्याची कड भाजते आणि पट्टीचा गोंद सुटतो. निदान ३०० मिमी जागा मोकळी सोडा. एजबँडिंगचा साधा गोंद मुळातच उष्णतेनं वितळवून लावलेला असतो, पुन्हा तापला की पुन्हा मऊ पडतो.

कारखान्यात उभं राहायचं काम किती कष्टाचं आहे?

१८ मिमीचा एक एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला) बोर्ड साधारण ४० किलोचा असतो. तो दोघांनी उचलायचा, एकट्यानं नाही. दिवसभर उभं राहणं, आवाज आणि बारीक भुसा, हे तीन त्रास खरे आहेत. एमडीएफची धूळ पिठासारखी बारीक असते, तिच्यासाठी चांगला मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. सॉ मशीनजवळ कानात प्लग घाला.

काही गोष्टी जिवावरच्या आहेत. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नका, मोजा पात्यात अडकला की हात आत ओढला जातो. गळ्यात उपरणं, गमछा, सैल बाही, हातात दोरा किंवा कडं काहीही नको. लहान तुकडा ढकलायला लाकडी ढकलकाठी वापरा. पात्याच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नका, फळी अडकली तर ती तुमच्याच दिशेनं उडते.

एक बारीक निरीक्षण : थंडीच्या सकाळी पहिल्या तासात पट्ट्या जास्त सुटतात. गोंद १८० ते २०० अंशांवर तापलेला असतो, पण बोर्ड रात्रभर गार पडलेला असतो. गोंद चिकटायच्या आधीच थिजतो. बोर्ड आदल्या दिवशी आत आणून ठेवला की तक्रारी कमी होतात.

पगार सांगतात एक आणि हातात येतो वेगळा. असं का?

सीटीसी म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, त्यात कंपनीच्या वाट्याची रक्कमही मोजलेली असते. समजा महिन्याचा सीटीसी ३०,००० आणि त्यात मूळ पगार १५,००० आहे. कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटीची तरतूद मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, सुमारे ७२२. हे वजा जाता एकूण पगार २७,४७८. त्यातून तुमचा वाटा १,८०० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला की हातात २५,४७८. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो. महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही. सीटीसीत ‘व्हेरिएबल’ म्हणून काही रक्कम असेल तर ती टार्गेट झालं तरच मिळते. ती धरून खोलीचं भाडं ठरवू नका.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो : तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. कारखान्यात काम करणाऱ्यानं हे कार्ड पहिल्याच महिन्यात काढून घ्यावं. आठवड्याला ४८ तासांवर काम झालं तर कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळायला हवा. नोकरी बदलताना निधीचे पैसे काढू नका, त्याच यूएएन (निधीच्या कायमच्या) क्रमांकावर पुढच्या खात्यात वळवून घ्या.

आखाजीला आणि कानबाईला सुटी मिळते का?

आधी सांगून ठेवलं तर मिळते, पण कुठल्या विभागात आहात त्यावर अवलंबून आहे. कारखान्याला बहुधा रविवारची सुटी असते. शोरूमला शनिवार-रविवार हेच धंद्याचे दिवस, म्हणून सुटी आठवड्यात मधेच. कानबाई ही आपली खान्देशी देवी नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते आणि सोमवारी विसर्जन. कारखान्यातल्याला एक सोमवार मागावा लागतो, शोरूमवाल्याला दोन्ही दिवस. अक्षय्य तृतीया हा गृहप्रवेशाचा मुहूर्त, त्यामुळे त्याआधीचे दहा दिवस बसवणीच्या टीमवर सर्वांत जास्त ओझं असतं. दसरा-दिवाळीआधीचा महिनाही तसाच. आखाजीला घरी जायचं असेल तर होळीच्या सुमारास अर्ज द्या.

बोलताना अहिराणी वळण येतं. अडचण होईल का?

नाही. कारखान्यात हिंदी चालते, ड्रॉइंग आणि मेल इंग्रजीत असतात. बोलण्यापेक्षा मेलमध्ये तीन ओळी नीट लिहिता येणं जास्त महत्त्वाचं : काय चुकलं, कुठल्या ड्रॉइंगवर, कधीपर्यंत उत्तर हवं.

मुलींना या क्षेत्रात काम आहे का?

शोरूम, टेक्निकल ड्रॉइंग, गुणवत्ता तपासणी, एजबँडिंग आणि पॅकिंग अशा सगळ्या ठिकाणी आहे. साइट व्हिजिट असेल तर गाडीची सोय, सोबत कोण आणि परत यायची वेळ हे आधी ठरवून घ्या. रात्रपाळीला संमती आणि घरपोच वाहतूक मागणं हा तुमचा हक्क आहे, ती काही मेहेरबानी नव्हे.

चूक झाली तर पैसे कापतात का?

एक चुकलेलं शटर पुन्हा बनवायला बोर्ड, पट्टी, मशीनचा वेळ आणि ट्रकची फेरी लागते. म्हणून कंपनी चुकीची नोंद ठेवते आणि कुणाच्या हातून झाली ते शोधते. चांगल्या ठिकाणी त्या नोंदीवरून पद्धत सुधारतात. वाईट ठिकाणी ती बसवणाऱ्या पोराच्या माथी मारतात. तुमचा बचाव म्हणजे कागद : सही केलेलं माप, रिव्हिजन नंबर, टेपसकट फोटो. बसवणीची चूकही ओळखून ठेवा. पार्टिकल बोर्डात बिजागरीचा स्क्रू ड्रिल मशीननं करकचून आवळला की आतला भुगा सुटतो आणि स्क्रू नुसता फिरत राहतो. शेवटचे दोन वेढे हातानं द्यायचे.

बाँड, मूळ प्रमाणपत्रं, नोकरीसाठी पैसे?

नोकरी लावून देण्यासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून निघून या. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका, छायाप्रती द्या. करारात नोटीस किती दिवसांची आहे आणि मधेच सोडलं तर किती रक्कम भरायची आहे, ते आकड्यात लिहिलेलं असलं पाहिजे. “सगळ्यांचंच असं असतं” हे उत्तर धरू नका.

मी केलेलं डिझाइन माझं की कंपनीचं?

नोकरीत असताना कंपनीसाठी केलेलं डिझाइन सहसा कंपनीचं. डिझाइन कायदा २००० खाली नोंदवलेल्या डिझाइनला १० वर्षं संरक्षण मिळतं आणि ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. पोर्टफोलिओत टाकायचं असेल तर बाजारात आलेल्या वस्तूचेच फोटो वापरा आणि लेखी परवानगी घ्या. गिऱ्हाइकाच्या घराचे फोटो त्याला विचारल्याशिवाय नकोत.

चार-पाच वर्षांनी परत येऊन जळगाव-धुळ्यात स्वतःचं काम टाकता येईल का?

येतं, आणि आम्हाला मनापासून वाटतं की जास्त लोकांनी यावं. आपल्याकडे चांगले मिस्त्री आहेत. कमी आहे ती पट्टी, भोकं आणि मापं यंत्राच्या अचूकतेनं करून देणाऱ्या छोट्या कारखान्यांची.

सुरुवातीला तीन यंत्रं पुरतात : सरकत्या टेबलाचा पॅनल सॉ, एजबँडिंग आणि एकाच वेळी अनेक भोकं पाडणारं बोरिंग मशीन. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं, काम बाहेरून करून घ्या. जागा घेताना यंत्राचं माप बघू नका, बोर्डाचं बघा. ८ फुटी बोर्ड पॅनल सॉवर पात्याच्या पुढेही पूर्ण बाहेर येतो आणि मागेही, म्हणजे त्याच रेषेत २० फुटांहून जास्त मोकळी जागा लागते. थ्री-फेज वीज आणि भुसा ओढणारं यंत्र आधी, रंगीत शोरूम नंतर. पहिली ऑर्डर ओळखीच्या मिस्त्रीची कटिंग आणि पट्टीची घ्या. त्यात माप त्याचं असतं, जोखीम कमी असते आणि यंत्रावर तुमचा हात बसतो.

पहिल्या दिवशी सोबत काय न्यावं?

५ मीटरची टेप, दोन्ही कडांना मिलिमीटरच्या खुणा असलेली. इंचवाली घरी ठेवा. टोकाचा हूक किंचित सैल असतो, तो बिघाड नव्हे. हुकाच्या जाडीइतका तो सरकतो, म्हणून आतून दाबून आणि बाहेरून अडकवून दोन्ही मापं खरी येतात. तो ठोकून घट्ट करू नका. शिवाय एक लहान गुण्या, शिसपेन्सिल, डायरी, पुढून बंद असलेले बूट, बँक पासबुकाची छायाप्रत, आधार, पॅन आणि आधीचा यूएएन असेल तर तो.